नकाशाला रंग किती लागतात?

आपल्या शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा काढला आहे. जिल्हे ३६ आणि रंगाचे डबे तीनच : लाल, पिवळा, हिरवा. अट अशी की शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांना एकच रंग द्यायचा नाही, नाहीतर शीव दिसत नाही. चौथा डबा विकत आणायचा तर पैसे लागतात, म्हणून तिनात भागवा असे मोठी माणसे म्हणतात. पण तिनात भागतच नाही. का ते पुण्यापाशी बघा.

पुणे जिल्ह्याला लागून पाच जिल्हे आहेत. ठाणे, रायगड, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर. फेर धरल्यासारखे ते पुण्याभोवती उभे आहेत. प्रत्येकाचा हात पुढच्याच्या हातात, आणि अहिल्यानगरचा हात परत ठाण्याच्या हातात. पुण्याला लाल दिला की फेरातल्या कोणालाच लाल मिळत नाही. मग ठाणे पिवळा, रायगड हिरवा, सातारा पिवळा, सोलापूर हिरवा. राहिला अहिल्यानगर. सोलापूर हिरवा म्हणून हिरवा नको, ठाणे पिवळा म्हणून पिवळाही नको. आता त्याने काय करायचं? सुरुवात हिरव्याने केली तरी तसंच होतं. फेरात सहा जण असते तर जमलं असतं, पण पाच ही विषम संख्या आहे ना! म्हणून निळा डबा लागतोच.

चार डबे असले तरी कसंही फासून चालत नाही. आधी खडूने ला, पि, हि, नि अशी अक्षरं लिहायची. ज्या जिल्ह्याला सगळ्यात कमी रंग उरलेत त्याचा नंबर आधी. मुंबई शहराला जमिनीवर शेजारी एकच, मुंबई उपनगर. त्याची काही घाई नाही. एखाद्याला एकही रंग उरला नाही तर सगळं पुसायचं नाही. एक पाऊल मागे यायचं, तिथलं अक्षर बदलायचं आणि परत पुढे जायचं. तरी जमलं नाही तर आणखी एक पाऊल मागे. बाई म्हणाल्या की संगणकालाही हीच रीत शिकवतात. मोठ्या शाळेचं वेळापत्रकही असंच बसवता येतं, कारण एक सर एकाच तासाला दोन वर्गांत कसे जाणार?

पाचवा डबा मात्र कोणी आणू नका. सन १८५२ मध्ये इंग्लंडच्या नकाशाला रंग देताना फ्रान्सिस गथ्री यांच्या ध्यानात आलं की चार रंग पुरतात. कोणत्याही नकाशाला पुरतील का, हे मात्र पुष्कळ वर्षं कोणाला सिद्ध करता येईना. १९७६ साली अमेरिकेत केनेथ ॲपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी ते केलं. त्यासाठी संगणक हजार तासांहून जास्त चालवावा लागला.