फलटणची जुळी कोकरं

दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते, जुळं क्वचितच. काळ्या, भरड लोकरीला आता भाव राहिला नाही. घोंगड्यावर प्रपंच चालत नाही म्हटल्यावर धनगराची मिळकत कोकरांच्या विक्रीवर आली.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नेमका इथेच हात घातला. बनबिहारी निंबकर यांनी 1968 मध्ये स्थापन केलेली ही संस्था करडई आणि गोड ज्वारीसाठीही ओळखली जाते. पण तिचं सगळ्यात चिवट काम मेंढीवरचं.

सुंदरबनात गारोल नावाची मेंढी आहे. अंगाने एवढीशी, पण जुळी-तिळी देणारी. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. तिथल्या बुरूला मेरिनोंचा जुळी देण्याचा गुण त्यांच्याकडूनच आला, असं मानलं जातं. या गुणाचं मूळ 2001 मध्ये सापडलं: डीएनएतलं एकच अक्षर बदललेलं! त्यामुळे अंडाशयातल्या बीजपिशव्या लहान असतानाच पक्व होतात आणि एकाच्या जागी दोन-तीन बीजं सुटतात.

डॉ. चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी हे जनुक दख्खनी मेंढीत उतरवलं. जनुक हवं, गारोलचा खुजेपणा नको; म्हणून संकरित पिढी पुन्हा पुन्हा दख्खनीशी जुळवायची. दर पिढीला गारोलचं रक्त निम्म्यावर येतं, पण जनुकही साधारण निम्म्याच कोकरांत उतरतं. कोणत्या, ते नुसतं पाहून कळत नाही. मेंढी निदान विते तेव्हा उमगतं, मेंढा मात्र जन्मभर थांग लागू देत नाही. म्हणून रक्ताचा थेंब घ्यायचा. त्यातल्या डीएनएचा तुकडा विकराने कापायला ठेवायचा. अक्षर बदललेलं असेल तरच तो कापला जातो. जेलवर नुसती आखूड तुकड्याची रेघ उमटली तर जनुक दुहेरी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेलं; आखूड-लांब दोन्ही दिसल्या तर एकेरी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची या कामी साथ मिळाली. त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी उभी राहिली.

खरी कसोटी कळपात लागते. दुहेरी जनुकाचा मेंढा साध्या मेंढ्यांवर सोडला की सगळ्या लेकी एकेरी निपजतात, ते ठीक. तसलाच मेंढा पुढे त्या लेकींवर सोडला, तर निम्मी कोकरं दुहेरी होतात. दुहेरी मेंढीला तिळी होण्याचा संभव वाढतो. तिळी जन्मतःच अशक्त, आणि आईचं दूध तेवढंच. दिवाळीनंतर कोकणाची वाट धरणारा धनगर घोड्याच्या पाठीवर किती कोकरं लादणार? माळरानं उसाखाली गेली, चराई आटली. वाटेत लांडगाही आहेच.

हे जनुक असलेला मेंढा घेणाऱ्याने त्याच्या चाचणीचा कागद जरूर मागावा. पण त्याआधी गाभण मेंढीला आणि दोन कोकरांच्या आईला पुरेल एवढा चारा आपल्याकडे आहे का, याचा हिशेब करावा.