पतंगस्वार आणि सामाईक किनारा

कारखान्याच्या दारावर सभा घेण्यात ज्याचे निम्मे आयुष्य गेले, त्याने समुद्रावरच्या एका महागड्या खेळाबद्दल बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयात आणि संपाच्या मंडपात. परंतु दोन वर्षांपूर्वी संघटनेच्या शिबिरासाठी आम्ही गोव्यात गेलो होतो आणि मोरजीच्या किनाऱ्यावर दुपारचा खारा वारा सुटल्यावर आभाळात मोठमोठे पतंग चढलेले पाहिले. प्रत्येक पतंगाच्या खाली एक माणूस पायांत फळी बांधून लाटांवरून धावत होता. आम्ही तासभर पाहत उभे राहिलो. दृश्य सुंदर होते यात शंका नाही. पण तेवढ्यात एक पतंग कलंडला आणि त्याच्या दोऱ्या वाळूत खेळणाऱ्या पोरांच्या डोक्यावरून सपकन गेल्या. कोणाला इजा झाली नाही. शेजारी जाळे सावरत बसलेले एक वृद्ध मच्छीमार एवढेच म्हणाले, “एक दिवस कोणाचा तरी गळा कापेल, आणि मग सगळ्यांनाच हाकलतील.” या एका वाक्यात आजचा सगळा विषय आला आहे.

आधी हा खेळ म्हणजे काय ते पाहू. त्याला काइटबोर्डिंग म्हणतात. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतातल्या ब्रुनो आणि दोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ च्या नोव्हेंबरात हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचे पेटंट घेतले. नळ्यांत हवा असल्यामुळे तो पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि पुन्हा उडवता येतो. १९९७ च्या सुमारास असे पतंग बाजारात आले, आणि पुढे २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेलीच्या समुद्रावर या खेळाच्या शर्यती झाल्या.

आपल्याला संक्रांतीचा पतंग ठाऊक आहे. त्याला एक मांजा असतो आणि तो आपण बोटांवर खेळवतो. येथे चार किंवा पाच दोऱ्या असतात, त्यांची लांबी २० ते २७ मीटर, आणि पतंगाचे कापड बहुधा ७ ते १४ चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहान खोलीएवढे. दोऱ्या एका दांडीला जोडलेल्या असतात आणि दांडीची मुख्य ओढ स्वाराच्या कमरपट्ट्याच्या आकड्यावर येते. दांडी जवळ ओढली की जोर वाढतो, दूर ढकलली की कमी होतो. दांडीपाशीच एक कळ असते. ती दाबली की पतंगाचा जोर जातो आणि तो एका दोरीला लटकून फडफडत खाली येतो.

हे सगळे ऐकायला सोपे आहे. खरी गोष्ट वाऱ्याच्या हिशेबात आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी २८ किलोमीटरच्या वाऱ्यात जो पतंग माणसाला मजेत नेतो, तोच ताशी ५५ किलोमीटरच्या झोतात त्याला चार माणसांच्या बळाने खेचतो. शिवाय पतंग स्थिर नसतो. तो आभाळातून वेगाने फिरू लागला म्हणजे स्वतःच्या गतीने आणखी वारा पकडतो. म्हणून जाणता स्वार ढग पाहतो. पावसाची काळी भिंत क्षितिजावर दिसली की तो पतंग उतरवतो. अडाणी तेव्हाच चढवतो. २००८ च्या ऑगस्टात अमेरिकेत फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल येथे ‘फे’ नावाचे वादळ येत असताना एक गृहस्थ पतंग घेऊन उतरले. झोताने त्यांना उचलले, वाळूवरून फरफटत नेले आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीवर आदळले. ते वाचले, पण ती चित्रफीत जगभर फिरली, आणि ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नव्हता त्यांना तो प्रथम या रूपात दिसला.

ताणलेल्या दोरीचा धोका तर निराळा सांगायलाच नको. आपल्याकडे नायलॉन मांजाने पक्ष्यांचे आणि दुचाकीस्वारांचे गळे कापले, म्हणून २०१७ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यावर बंदी घातली. येथे तर दोरीच्या टोकाला धावते माणूस असते.

या स्वारांनी आपसांत काही नियम ठरवले आहेत आणि ते फार शहाणपणाचे आहेत. किनाऱ्यावरून आत जाणाऱ्याला बाहेर येणाऱ्याने वाट द्यावी. समोरासमोर आले तर ज्याचा उजवा हात पुढे त्याला अग्रक्रम. वाऱ्याकडच्या स्वाराने पतंग उंच धरावा, पलीकडच्याने खाली, म्हणजे दोऱ्या अडकत नाहीत. पोहणाऱ्याला सर्वांनी टाळावे. मदतनिसाशिवाय पतंग चढवू नये, आणि वाऱ्याच्या पुढच्या बाजूला माणूस, खांब, वाहन काही असता कामा नये. जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहत असेल तर उतरूच नये, कारण बिघाड झाल्यावर तो माणसाला खोल समुद्रात नेतो. यांतला एकही नियम सरकारी कचेरीत जन्मला नाही. पाण्यात मार खाऊन ते शिकलेले आहेत, जसे आमचे कामगार यंत्राशी वागायचे नियम शिकतात.

येथे आम्हांला आमची एक जुनी गोष्ट आठवते. एका कारखान्यात पॉवर प्रेसच्या खात्यात आमची संघटना होती. प्रेसला दोन बटणे असत. दोन्ही हात गुंतल्याशिवाय ठोका पडू नये हा त्यामागचा हेतू. एका तरुण कामगाराने एक बटण तारेने दाबून बांधले आणि एका हाताने काम उरकू लागला. हात चलाख होता, लोक कौतुकाने पाहत. आम्हीही पाहिले आणि गप्प बसलो, हे येथे कबूल करतो. एका दुपारी त्याची तीन बोटे गेली. त्या खात्यात ठरलेला माल काढला की घरी जायची मुभा होती, ती आम्ही झगडून मिळवली होती. अपघाताच्या दुसऱ्या आठवड्यात व्यवस्थापनाने ती सगळ्या खात्याची काढून घेतली. बोटे एकाची गेली, मुभा ऐंशी जणांची. आम्ही त्याविरुद्ध ओरडलो, पण ओरडण्यात जोर नव्हता, कारण तार आम्हांला दिसली होती. मग प्रत्येक पाळीत दोन कामगारांनी बटणे तपासायची असे आम्हीच ठरवले. आठ महिन्यांनी मुभा परत मिळाली.

किनाऱ्यावर तंतोतंत हेच होते. बेफिकीर स्वार स्वतःचे हाडच मोडत नाही, तो उरलेल्यांच्या वाटेला कुलूप लावतो. म्हणून आमचा पतंगस्वारांना सल्ला एवढाच, की तार दिसली की त्याच दिवशी बोला.

हे कोठे जमले आहे? हवाई बेटांपैकी माउई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर कानाहा नावाची जागा आहे. तेथे वारा बारमाही, आणि हौशी लोकही बारमाही. शेजारीच काहुलुईचा विमानतळ, त्यामुळे पतंग कोठे उडवायचा यालाही मर्यादा. तेथे शिडाच्या फळीवाल्यांनी एक बाजू घेतली, पतंगवाल्यांनी पश्चिमेची. सकाळी ११ पूर्वी पाण्यात पतंग उतरवायचा नाही असा दंडक आहे. सकाळ मासे धरणाऱ्यांची आणि पोहणाऱ्यांची. वारा तसाही दुपारी वाढतो, म्हणजे स्वारांचे फारसे काही जात नाही. आम्हांला हा तोडगा फार आवडला, कारण त्यात पाळ्या आहेत, आणि पाळीची भाषा आम्हांला कळते.

त्याच हवाईत १९६८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅशफर्ड खटल्यात ठरवले की खाजगी जमिनीची हद्द लाटांच्या सर्वांत वरच्या धावेपाशी संपते. झुडपांची रेघ ही तिची खूण. त्यासाठी न्यायालयाने मोजणीच्या नकाशांपेक्षा तेथल्या जुन्या रहिवाशांची साक्ष मोलाची मानली. म्हाताऱ्यांच्या आठवणीवर किनारा जनतेचा राहिला! हा विचार नवा नव्हे. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाच्या कायदेग्रंथात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा सर्वांचे आहेत असे नमूद आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर १९९६ मध्ये बियास नदीच्या खटल्यात सरकार हे अशा संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे, असे तत्त्व स्वीकारले.

पण सर्वांचे म्हणजे आधी आलेल्याचे काहीच नाही काय? गोव्यातले रापणकार पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावरून जाळी ओढत आले. यांत्रिक ट्रॉलर आले आणि त्यांचा मासा खरवडून नेऊ लागले, तेव्हा १९७० च्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने रापणकार रस्त्यावर उतरले. किनाऱ्यालगतचा पाच किलोमीटरचा पट्टा त्यांनी मागितला. १९८० साली सागरी मासेमारीचा कायदा झाला, आणि अंमलासाठी पुढेही पुष्कळ झगडावे लागले. मोरजीच्या वाळूवर आज पतंग पसरणाऱ्याने हा इतिहास ऐकून घ्यावा. रापण ओढली जात असताना तेथे पतंग चढवणे ही आमच्या मते उद्धटपणाची गोष्ट आहे, मग कायदा काही म्हणो.

शिवाय मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, तीही नेमकी पतंगाच्याच हंगामात. प्रत्येक मनाई म्हणजे अन्याय असे मानण्याचे कारण नाही. जर्मनीत वाडन समुद्राच्या राष्ट्रीय उद्यानांत २०२३ च्या नियमावलीने नेमून दिलेल्या पट्ट्यांबाहेर हा खेळ बंद केला, कारण डोक्यावर फिरणारा पतंग पाहून विसावलेले पक्ष्यांचे थवे उठतात.

एक धोका मात्र दुसऱ्या बाजूचाही आहे. शिस्तीच्या नावाने मंडळ निघते, मंडळ वर्गणी ठरवते, आणि हळूहळू गावचा पोरगा परका ठरतो. आम्ही आमच्याच चळवळीत हे पाहिले आहे. आतल्यांची संघटना झाली की दारावरच्या बदली कामगाराला कोणी विचारीत नाही. मोरजीचा एखादा मच्छीमाराचा मुलगा जुना पतंग शिवून उतरला, तर त्याला नियम शिकवावेत. पावती मागू नये.

येत्या मे महिन्यात आपल्यापैकी काही जण कुटुंबासह किनाऱ्यावर जातील. वाळूत दोऱ्या पसरलेल्या दिसल्या तर त्या ओलांडू नका, मुलांना ओलांडू देऊ नका. पतंग चढत असेल तर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, म्हणजे स्वाराच्या पाठीमागे, निदान पन्नास पावले दूर उभे राहा. आणि एखादा गर्दीत पतंग चढवू लागला, तर सौम्यपणे पण मोठ्याने त्याला हटकायला कचरू नका.