कोलंबोचं गाणं कुर्डुवाडीत

1952 नंतर केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. शास्त्रीय संगीतावरचं त्यांचं प्रेम खरं होतं. श्रोत्यांवरचा अविश्वास मात्र मला अजून खटकतो. लोक कोलंबोहून चित्रपटगीतं ऐकवणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळले.

कोलंबो कुर्डुवाडीपासून सुमारे 1300 किलोमीटर. पृथ्वी गोल, मग रेडिओलहरी पोचतात कशा? सिलोनच्या लघुलहरी (शॉर्टवेव्ह) वर वातावरणातल्या आयनांबर या थरापर्यंत जातात, तिथे वाकतात आणि पुन्हा जमिनीकडे येतात. हा थर सूर्यकिरणांमुळे तयार होतो आणि सतत बदलतो. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना बळ देतात, कधी पुसून टाकतात. म्हणूनच बुधवारी रात्री सिलोनवरच्या ‘बिनाका गीतमाला’ या कार्यक्रमातलं गाणं ऐन अंतऱ्यात बुडायचं आणि आपोआप वर यायचं. सेट बिचारा निर्दोष!

ऑक्टोबर 1957 मध्ये आकाशवाणीने विविध भारती सुरू केली, चित्रपटगीतांसह.