घडीचा टँडेम वेगवर्धक
एकाच स्थिर विद्युत् दाबाचा दोनदा उपयोग करून आयनांना (विद्युत् भारित अणूंना) प्रवेग देणारा आणि त्यासाठी लागणाऱ्या दोन्ही प्रवेग नळ्या एकाच स्तंभात शेजारी शेजारी बसविलेला कणवेगवर्धक. अणुकेंद्रीय प्रयोगांना ऊर्जा अचूकपणे बदलता येईल अशी आयन शलाका लागते. ती थोड्या जागेत मिळविणे हा या रचनेचा उद्देश होय.

तत्त्व : वेगवर्धकाच्या उच्च वर्चसाच्या अग्रावर धन विद्युत् भार साठविलेला असतो. उद्गमातून आलेले ऋण आयन त्याकडे आकर्षिले जाऊन प्रवेगित होतात. अग्रातील अतिशय पातळ कार्बन पर्णातून किंवा वायूतून जाताना त्यांचे काही इलेक्ट्रॉन निघून जातात व ते धन आयन बनतात. आता तेच अग्र त्यांना दूर सारते. अग्राचे वर्चस ६ दशलक्ष व्होल्ट आणि धन आयनाचा भार ५ एकक असल्यास पहिल्या टप्प्यात ६ व दुसऱ्यात ३० अशी एकूण ३६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते.

रचना : सरळ टँडेममध्ये अग्राच्या दोन्ही बाजूंस निरोधक स्तंभ असल्याने टाकी लांब होते. घडीच्या टँडेममध्ये अग्रातील चुंबक शलाकेला १८०° तून वळवितो व ती त्याच स्तंभातून परत येते. त्यामुळे एक स्तंभ वाचतो. मात्र अग्र आणि टाकीची भिंत यांतील अंतर फार कमी केल्यास विद्युत् विमोचन होते. ते टाळण्यासाठी टाकीत सल्फर हेक्साफ्ल्युओराइड हा निरोधक वायू उच्च दाबाखाली भरतात.

मर्यादा : शलाकेच्या वळणाची त्रिज्या आयनाचे द्रव्यमान व ऊर्जा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि भार व चुंबकीय क्षेत्र यांच्या व्यस्त प्रमाणात असते. १ टेस्ला क्षेत्रात ५ एकक भाराच्या व ६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या कार्बन आयनाच्या बाबतीत ती सु. २४ सेंमी. भरते, तेवढ्याच भाराच्या व ऊर्जेच्या सोन्याच्या आयनाच्या बाबतीत ती सु. १ मी. होते. मोठ्या चुंबकासाठी अग्र मोठे करावे लागते आणि त्याबरोबर टाकीही रुंदावते. म्हणजेच लांबीत वाचविलेली जागा जड आयनांसाठी रुंदीत द्यावी लागते. कोणत्या अणुकेंद्रांचा अभ्यास करावयाचा हे आधी ठरविल्याशिवाय अशा वेगवर्धकाचा अभिकल्प करता येत नाही.

उदाहरणे : अमेरिकेतील ओक रिज येथे २५ दशलक्ष व्होल्टांसाठी अभिकल्पित असा घडीचा टँडेम १९८२ ते २०१२ या काळात वापरात होता. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात ५·५ दशलक्ष व्होल्टांच्या जुन्या एकटप्पी व्हॅन डी ग्राफ वेगवर्धकाचे ६ दशलक्ष व्होल्टांच्या घडीच्या टँडेममध्ये रूपांतर करण्यात आले व २००० मध्ये त्यातून पहिली शलाका मिळाली. जुन्या यंत्रात एक एकक भाराच्या आयनाला ५·५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टांपलीकडे ऊर्जा देता येत नसे. याउलट मुंबईतच कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ मध्ये सुरू झालेला १४ दशलक्ष व्होल्टांचा पेलेट्रॉन हा सरळ, उभा टँडेम आहे.