शेवटचा शब्द पोचला पाहिजे

मंडळी, आधी एक वाक्य मोठ्यानं म्हणून पाहू. 'उद्या पहाटेच्या गाडीनं, तुझ्या धाकट्या भावाला सोबत घेऊन, मी गावी जाणार नाही.' म्हटलंत? आता शेजाऱ्याला विचारा, 'नाही' ऐकू आलं का.

नाटकातल्या मुलांना आम्ही गाणं शिकवतो, आणि पहिल्या दिवशी असंच एखादं वाक्य देतो. बहुतेकांचा दम 'घेऊन'पाशीच संपतो, 'नाही' घशात राहतं. शेवटच्या रांगेतला माणूस समजतो, हा जाणार आहे! मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकार तर त्याच्याही मागून. म्हणजे अर्थाचा भार नेमका तिथं पडतो, जिथं नटाकडे श्वास उरलेला नसतो.

गाण्याच्या तालमीत यावरचा उपाय फार जुना आहे. तंबोरा लावायचा आणि खर्जात, आकारानं, एकच स्वर धरून बसायचं. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोला. पण खांदे उचलून घेतलेला श्वास पुरत नाही, हे शरीराला तिथं कळतं. हळूहळू बरगड्या बाजूला फुलायला लागतात, पोट सैल राहतं, हवा भसकन न जाता बेतानं सुटते. स्वर शेवटी जरा उतरला की तंबोरा लगेच चुगली करतो. बोलताना अशी चुगली करणारं कोणी नसतं, म्हणून वाक्याची शेपटी रोज गळते आणि आपल्याला पत्ताही नसतो.

दुसरं, ओरडण्याचं. 'मोठ्यानं बोल' म्हटलं की नवखा नट पट्टी चढवतो. पुरुषाच्या साध्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला सव्वाशेच्या आसपास वेळा कंप पावतात, बाईच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास. रागाच्या प्रवेशात हा आकडा बराच चढतो. त्यात गळा आवळलेला असला की तंतू एकमेकांवर आदळत राहतात, आणि आवाज बसतो. गाणाऱ्याला जबडा सैल सोडून घुमारा वाढवण्याचं वळण असतं. पट्टी न चढवताही आवाज पोचतो.

किर्लोस्करांच्या १८८० च्या 'शाकुंतला'पासून कितीतरी वर्षं संगीत नाटकं ध्वनिक्षेपकाशिवाय चालली, ती याच जोरावर. बालगंधर्वांना भास्करबुवा बखल्यांची तालीम होती. १९१६ च्या 'स्वयंवरा'च्या चालीही बुवांच्याच. गंधर्वांचं गाणं सगळ्यांना आठवतं. आम्हाला मात्र पदाआधीचं त्यांचं बोलणं अधिक महत्त्वाचं वाटतं. बोलणं कुठं थांबलं आणि पद कुठं सुरू झालं, हा सांधा जाणवू न देणं ही खरी करामत. (उलट बाजूही आहे. 'वन्स मोअर'च्या नादात भूमिका विंगेत जाऊन बसायची, हे त्याच रंगभूमीनं पाहिलंय.)

भावाचं म्हणाल, तर 'ये' हा एवढासा शब्द घ्या. एकाच स्वरावर म्हटला तर हुकूम, खालून वर नेला तर प्रश्न, वरून सावकाश उतरवला तर विनवणी. नट हे अंदाजानं करतोच, पण चाळिसाव्या प्रयोगाला अंदाज हुकतो. स्वराची जागा ओळखणारा माणूस तिथं पुन्हा जाऊ शकतो.

आमच्या वर्गात काही मुलं अगदी बेसूर असतात. त्यांनी मैफल करावी अशी आमची अपेक्षा नाही. सहा महिने खर्ज लावल्यावर तेच गाडीचं वाक्य त्यांना परत देतो, आणि आम्ही सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसतो.