सगळे मिळाले, मग हा गप्प का?

वस्तीतला पहिला इंजिनिअर, घराण्यातली पहिली डॉक्टर. साऱ्यांना त्यांचे कौतुक. भावाची फी तोच भरतो, बहिणीच्या लग्नाचे कर्ज तोच फेडतो, जयंतीच्या वर्गणीत त्याचा आकडा वरचा. अशा माणसाला नैराश्याचा आजार असेल, हे कुणाच्या मनात येत नाही. त्याच्या स्वतःच्याही नाही.

नैराश्य म्हटले की अंथरुणात पडून रडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. हा तर रोज वेळेवर ड्युटीला हजर! पण घरी आला की चिडचिड, नाहीतर मुका. पहाटे तीनला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही. बढतीचे पेढे वाटतो, पण स्वतःला आनंद होत नाही. डोके, पाठ दुखते आणि तपासणीत काही निघत नाही. ‘मी या खुर्चीच्या लायक नाही, एक दिवस उघडा पडेन’ ही धास्ती आत असते. ऑफिसात राखीव जागेवरून टोमणे मिळत असतील, तर ती अधिकच मुरते.

अभिनेत्री दीपिका पदुकोणने २०१५ साली आपल्या नैराश्याविषयी जाहीरपणे सांगितले. चित्रपट गाजत असतानाच तिला हा आजार जडला होता. लेकीचे रडणे नेहमीचे नाही, हे तिच्या आईने ओळखले.

घरच्यांनी “तुला काय कमी आहे?” असे विचारू नये. त्याने माणूस आणखी मिटतो. एकटा गाठून विचारा, “झोप लागते का रे? कशात मन रमतं का?” मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते.

दोन आठवडे रोज उदासी असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. थायरॉइडही तपासून घ्यावे, त्याच्या कमतरतेनेही असेच होते. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, म्हणून आठ दिवसांत कंटाळून सोडू नयेत. बरे वाटल्यावरही मनाने बंद करू नयेत. समुपदेशनाचाही चांगला उपयोग होतो. सरकारच्या ‘टेलि-मानस’वर १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते, मराठीतूनही.

आणि हो, औषध चालू असेपर्यंत कर्जाचा एखादा हप्ता धाकट्याने उचलला तर? निदान या महिन्याची वर्गणी तरी त्याच्याकडे कुणी मागू नये.