रोधक कोरडा, तोवरच खरा

सोलापुरी चादर ऊब तयार करत नाही, अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. हे काम सुतापेक्षाही जास्त करते ती सुतात अडकलेली हवा. तांबं स्थिर हवेपेक्षा सुमारे 15 हजार पट सहज उष्णता वाहून नेतं. अट एकच, हवा हलता कामा नये. मोकळी हवा तापली की वर सरकते आणि उष्णता सोबत नेते. जाड विणीतल्या बारीक पोकळ्यांत मात्र ती जागच्या जागी राहते.

माळवदाची तऱ्हा थोडी निराळी. तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. माती काही चादरीइतकी उष्णतारोधक नाही, पण एवढा थर तापायलाच वेळ लागतो. मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर गेला, तरी दुपारची झळ आत पोचेपर्यंत ऊन कललेलं असतं. पत्र्याखाली ही सवलत नाही.

विजेचं गणित वेगळं. धातूत काही इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, म्हणून वीज वाहते. पीव्हीसी, रबर, काच, चिनीमाती यांत ते जखडलेले असतात. घरातल्या 230 व्होल्टला वायरवरचं पीव्हीसीचं पातळ आवरण पुरतं. सोलापूर-रायचूर लाइन मात्र 7 लाख 65 हजार व्होल्टची. 31 डिसेंबर 2013 रोजी ती जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाबरोबर एकाच फ्रिक्वेन्सीवर चालू लागली. अशा तारांना आवरण नसतं, भोवतालची हवाच रोधक. टॉवरपासून त्या लांब ठेवतात चिनीमातीच्या वा काचेच्या चकत्यांच्या माळा, नाहीतर पॉलिमरचे दांडे. चकतीला खालून कंगोरे असतात. त्यांमुळे पृष्ठभागावरून जायची विजेची वाट लांबते आणि पावसातही आतला भाग बराचसा कोरडा राहतो.

वीज अडवणारी वस्तू उष्णताही तितकीच अडवेल असं नाही. जुन्या इस्त्रीत कॉइल आणि लोखंडी तळ यांच्यामध्ये अभ्रकाचा पातळ पत्रा असतो. तो वीज तळात उतरू देत नाही, उष्णता मात्र जाऊ देतो.

दोन्ही रोधकांचा शत्रू मात्र एकच, पाणी. तापलेला तवा ओल्या फडक्यानं उचलला की चटका बसतो, कारण पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरलेलं असतं आणि ते हवेच्या 20 पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. शुद्ध पाणी विजेला फारशी वाट देत नाही, पण नळाच्या पाण्यात आणि घामात विरघळलेले क्षार ती देतात. म्हणून शॉक बसलेल्याला तारेपासून सोडवताना कोरडी काठी आणि ओली काठी यांत जीवन-मरणाचा फरक पडू शकतो.

पावसाळ्यात ओले कपडे लोखंडी तारेवर वाळत घालू नका. नायलॉनची दोरी वापरा, तीही पत्र्यापासून आणि विजेच्या वायरपासून दूर बांधा. ओल्या हातानं बटण दाबू नका. वायरचं आवरण तडकलं असेल तर टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका, वायर बदला.